गाढवाचा दगड आणि बिनतोंडाची बाई

माझ्या मुलाने त्याच्या आईला जाळून टाकलं आणि मला तिचं तोंड बघू दिलं नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे म्हातारा एवढा का पेटलाय हे नंतर कुणी विचारायला नको.

मी चौथी शिकलेला माणूस. गाव खाडीकाठचं. बाप मिठागरात राबला, मीही तिथेच राबलो. पायांची सालं गेली, पण पोराला इंजिनियर केला. तो कॅनडात ग्वेल्फला आला आणि मग आम्हा दोघांना घेऊन आला. पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ फेकत जाणारी गाडी दिसली तेव्हा मी खिडकीला चिकटून बघत राहिलो. जन्मभर उन्हात भाजून जे पिकवलं, ते इथे चिखलात मारतात. आमची म्हातारी बाजूला उभी होती. म्हणाली, "बघा, तुमचं आयुष्य कुठे चाललंय ते." आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

अशी होती ती. गुडघे गेलेले, थंडी सोसायची नाही, घरातसुद्धा दोन स्वेटर घालायची, पण जीभ गरम.

तर झालं असं. पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून मी एकटा गावी गेलो. तिला विमानात एवढा वेळ बसवणार नव्हतं. निघताना म्हणाली, "तुम्ही जा. माझ्या वाटचंही जेवून या." हळदीच्या दिवशी मांडवात फोन आला. मुलगा म्हणाला, "बाबा, आई गेली." सकाळी चहा प्यायली, सोफ्यावर बसली, मान टाकली. हार्ट. अंगावर हळद उडालेला सदरा तसाच घालून मी विमानतळ गाठला.

इकडे वादळ. टोरांटोत विमान उतरू देईनात, आम्हाला नेऊन मॉन्ट्रियलला टाकलं. तिथे आधी फ्रेंचमध्ये काहीतरी सांगायचे, मग इंग्रजीत. मला दोन्ही सारखंच. एका पंजाबी पोरीच्या फोनवरून मुलाला फोन लावला. म्हटलं, "मी आलोय, वाटेत अडकलोय. मी येईपर्यंत थांब. तिला हात लावू नकोस."

तो म्हणाला, "हो बाबा, बघतो."

तिथेच मला कळायला हवं होतं. मराठी माणूस 'बघतो' म्हणाला की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुकानदार बघतो म्हणतो, साहेब बघतो म्हणतो, लग्नाला मुलगी दाखवली की मुलाकडचे बघतो म्हणतात. पण पोटच्या पोराचा 'बघतो' मी खरा धरला.

घरी पोचलो तर हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाची माणसं बसलेली. कुणीतरी डब्यातून पिठलं-भात आणलेला. मी विचारलं, "कुठे आहे?" सगळे माना खाली घालून आपापले मोजे बघायला लागले. सून आत निघून गेली. मुलगा पुढे आला.

"बाबा, झालं."

"काय झालं?"

"लाँग वीकेंड लागत होता. फ्युनरल होमकडे कालचाच स्लॉट होता. नाहीतर मंगळवारपर्यंत थांबावं लागलं असतं. तुमची फ्लाइट कधी निघेल त्याचा पत्ता नव्हता..."

"मग मंगळवार! मढं पळून जाणार होतं का तुझं?"

अग्नी कुणी दिला म्हणून विचारलं, तर म्हणाला, इथे बटण असतं, ते दाबायचं, मी दाबलं. आईला बटण! लाडवाएवढ्या पोराला जिने भिंतीवरच्या बटणाला हात लावू दिला नाही, शॉक बसेल म्हणून, तिच्यासाठी त्याने बटण दाबलं. मग माझ्या हातात तिच्या राखेचा एक काळा डबा ठेवला. एवढीशी बाई, पण डबा जड होता.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तेराव्याला, सगळी माणसं पानांवर बसलेली असताना, मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "सगळ्यांनी ऐका. मी मेल्यावर याचा हात माझ्या मढ्याला लागता कामा नये. पुतण्याला फोन झालाय. बर्फ गेला की मी हिचा डबा घेऊन गावी जाणार, ते परत यायला नाही. मला अग्नी पुतण्या देईल. याने ऑफिसात बसून बटणं दाबावीत." भटजी स्काइपवर होते, त्यांनीही ऐकलं. मुलाच्या हातातली पळी वरणाच्या भांड्यात पडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्या महिन्यात तेवढंच बरं वाटलं.

तेव्हापासून घरात सगळा कारभार सुनेच्या तोंडून. "तुझ्या नवऱ्याला सांग, आमटीत मीठ नाही." तो समोरच बसलेला असायचा. ती त्याच्याकडे वळून सांगायची, "बाबा म्हणून राहिले, मीठ नाही." ती नागपूरची. तिचं वाक्य 'करून राहिले, म्हणून राहिले' केल्याशिवाय पुरं होत नाही. तो मिठाची बाटली माझ्याकडे सरकवायचा, मी ती तिथेच ठेवायचो आणि अळणी जेवायचो.

बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत मी आणि डबा. सुनेला भीती वाटली असावी, हा माणूस इथेच बुरसटून मरेल. ती लायब्ररीतून म्युझियमचा पास घेऊन आली. फुकट मिळतो. म्हणाली, "बाबा, चला. तुम्ही आणि आई तिथे जायचे ना, दगडांच्या म्युझियममध्ये?"

जायचो. आता त्या म्युझियमचं सांगतो.

जुनं चर्च होतं, देवाला यायला माणसं उरली नाहीत म्हणून गावाने ते घेतलं. पूर्वी इथल्या कुणा श्रीमंताला दगड गोळा करायचा नाद होता. त्याने युरोपातून जहाजं भरभरून दगड आणले, ते आता तिथे मांडलेत. रोमन लोकांची थडगी, मोडक्या खांबांचे तुकडे, लढाईच्या वेषात आडवे झोपलेले सरदार, बिशप, छपरावरून पाणी ओकणारी राक्षसाची तोंडं. आम्ही दोघं हिवाळ्यात तिथे जायचो, कारण आत हीटर जोरात असतो आणि बसायला बाकं आहेत. म्हातारीला दगडांचं काय, पहिल्या दिवशी तिला वाटलं इथे पाटे-वरवंटे विकतात. मग एकेकाच्या समोर उभी राहून बोलायची. झोपलेल्या सरदाराच्या पायाशी दगडाचं कुत्रं आहे, त्याला म्हणाली, "तू तरी राहिलास रे बाबा, बायको कुठे गेली याची?" सगळ्या पुतळ्यांची नाकं तुटलेली. मला विचारते, "अहो, यांची सगळ्यांची नाकं कुणी कापली? सगळ्यांनीच काय शेण खाल्लं होतं का?" मी हसलो तर तिथली पांढऱ्या केसांची व्हॉलंटियर बाईही हसली. तिला काय समजलं देव जाणे.

तिथे एका रोमन बाईचं थडगं आहे. बाई खुर्चीत बसलेली, मांडीवर हात, हातात लोकरीचं गुंडाळं असावं तसं काहीतरी, लुगड्यासारख्या चुण्या. बोटं कोरलेली, पायातली वहाणसुद्धा कोरलेली. पण तोंड नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत दगड उडालेला. म्हातारी तिच्यासमोर बराच वेळ थांबली होती आणि म्हणाली होती, "हिचा नवरा येऊन बघत काय असेल ओ? हिला तर तोंडच नाही."

मी तेव्हा म्हटलं, "चल, बस निघेल."

तर सुनेबरोबर त्या दिवशी गेलो, आणि दुसरीकडे कुठे न बघता सरळ त्या बाईपुढे जाऊन उभा राहिलो. आता मला कळत होतं नवरा काय बघत असेल ते. काही नाही. सपाट दगड बघत असेल.

सून बाजूच्या पाटीवरचं वाचायला लागली. "बाबा, हे नवऱ्याने केलंय तिच्यासाठी. नाव तुटलंय, दोघांचंही. खाली लिहिलंय, माझ्या अतिशय प्रिय बायकोला. आणि त्याच्या खाली... अरे, हे बघा. शाप आहे!"

"कसला शाप?"

"जो कोणी ही जागा मोडेल, तो आपल्या माणसांमध्ये सगळ्यांच्या शेवटी मरो."

"बस? एवढाच?" मी म्हटलं. "हा शाप आहे की आशीर्वाद? सगळ्यांच्या शेवटी मर म्हणजे भरपूर जग की."

मी दगडाकडे बघत राहिलो आणि हळूहळू माझ्या डोक्यात ते उतरलं. शेवटी मर. म्हणजे आधी भाऊ जातील, ते बघ. दोस्त जातील. बायको जाईल, सोफ्यावर मान टाकून, तेही बघ. किंवा तेवढंही बघायला मिळणार नाही. मग एकटा ऱ्हा. हा रोमन पक्का बेरकी होता. त्याने तोंडात मध घालून विष दिलं होतं.

आणि मला वाटलं, हाच. माझ्या पोराला हाच शाप पाहिजे.

आता इथे आमच्या गावची एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या मिठागराच्या बांधावर एक दगड उभा आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं, खाली एक बाई आणि तिच्यावर चढलेलं गाढव. शाळेत जाताना आम्ही पोरं तिथे थांबून दात काढायचो. कुठल्यातरी जुन्या राजाने ती जमीन दान दिली होती, आणि चंद्र-सूर्य आहेत तोवर जो हा हुकूम मोडेल त्याचं हे असं होईल, असं त्या दगडाचं म्हणणं. राजा गेला, दान गेलं, जमीन दहा घरांची झाली, गाढव मात्र जागचं हललं नाही. गावाने त्याची एक रीत करून ठेवलीय. ज्याचं वाटोळं व्हावं असं वाटतं, त्याचं नाव घ्यायचं आणि दगडावर डाव्या हाताची थाप मारायची. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी सून पळवली, की गावात एकच वाक्य: "गाढवाच्या दगडावर घालीन तुला!" आमच्या भावकीत एकाने दुसऱ्याला घातला होता, तो पुढल्या पावसात पाय मोडून पडला. लोक अजून सांगतात.

माझा तोच बेत होता. डबा खाडीत सोडायचा, मग तसाच ओल्या अंगाने बांधावर जायचं आणि पोराचं नाव घेऊन थाप मारायची.

पण त्या दिवशी धीर निघाला नाही. गाव लांब, बर्फ जाता जाईना, आणि इथे समोर दगड, दगडावर शाप आयता कोरलेला, तोही बायको गेलेल्या माणसाने. देव सगळीकडे एकच म्हणतात, मग शापही एकच असेल. मी डावा हात उचलला, पोराचं नाव तोंडात आणलं, आणि थाप मारणार तेवढ्यात सुनेने माझं मनगट धरलं.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही? हात नाही लावायचा!"

"सोड."

"अलार्म वाजेल ना!"

"वाजू दे. सोड म्हणतो ना!"

पांढऱ्या केसांची बाई धावत आली. "सर, प्लीज, सर." सुनेने तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. त्यातला 'वाइफ' एवढा शब्द मला कळला. बाईने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला आणि मागे झाली. सुनेने मला बाकावर नेऊन बसवलं. अजून मनगट सोडलं नव्हतं.

"कोणाला मारून राहिले होते तुम्ही?"

"तुझ्या नवऱ्याला."

"दगडावर?"

मग मी तिला गाढवाच्या दगडाचं सगळं सांगितलं. चंद्र-सूर्य, थाप, पाय मोडलेला भाऊबंद. सुनेपुढे गाढव आणि बाईचं सांगताना दुसरा एखादा लाजला असता. मी नाही. मी म्हटलं, "इथे जमलं नाही तर गावी जाऊन करणार. गाढवाच्या दगडावर घालणार त्याला. तुला सांगून करतोय, चोरून नाही."

मग तिने विचारलं, "त्या दगडावरची बाई कोण आहे?"

"कोण म्हणजे? ज्याने हुकूम मोडला त्याची आई."

"म्हणजे नाव तुम्ही ह्यांचं घेणार..."

"हो."

"आणि गाढव आईंवर?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या बिनतोंडाच्या बाईकडे बघत होती.

आयुष्यभर मी शिव्या दिल्या. मिठागरात शिवीशिवाय टोपली उचलली जात नाही. आणि आपल्याकडची प्रत्येक शिवी बघा, द्यायची गड्याला, लागते त्याच्या आईला. पोराला रागाने आईवरून बोललो की म्हातारी आतून ओरडायची, "मला कशाला मध्ये घेता? मी इथे भाकऱ्या थापतेय!" सगळे हसायचे. मीही. पण तो हजार वर्षांचा दगड बघून, शाळेत जाता-येता रोज बघून, कधी एकदा डोक्यात आलं नाही की माझ्या पोराला त्या दगडावर घालायचं तर खाली माझीच बायको आहे.

"रोमनवालं घ्या मग," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ चालू. आमच्या म्हातारीच्या हाताखाली राहिलेली. "शेवटी मरो म्हणजे, आधी मी मरणार, आणि मग तुमची नात. बोला, कुठलं पाहिजे?"

नात सात-आठ वर्षांची आहे. माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी मराठीत बोलतो, आणि आमचं छान चाललेलं असतं.

"तोंड सांभाळून बोल," मी म्हटलं.

"मी सांभाळू?" ती म्हणाली.

घरी येताना गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. राग गेला नव्हता. उलट वाढला होता, कारण त्याला जायला वाट राहिली नव्हती. ज्या बाजूला दगड मारावा त्या बाजूला माझंच माणूस उभं. पोरगं बरोबर मध्ये लपलेलं, लहानपणी आईच्या पदरामागे लपायचं तसं. आणि मग, कपड्यांची दुकानं गेली, रस्त्यावर टाकायच्या मिठाचा डोंगर ठेवलेला यार्ड गेला, तिथे माझ्या लक्षात आलं की त्याच्याकडे एक वस्तू आहे जी माझ्याकडे नाही. ती मी काढून घेऊ शकतो. त्याला दुखेल अशी काढून घेऊ शकतो.

सुनेला म्हटलं, "पुढच्या रविवारी तू येऊ नकोस. त्याला पाठव."

तिने गाडी जवळजवळ फूटपाथवर घातली.

रविवारी तो आला. बापाच्या बाजूला बसून गाडी चालवतोय, पण हात असे जसे परीक्षेला बसलाय. आत गेलो. मी त्याला बाकावर बसवला, बिनतोंडाच्या बाईच्या बरोबर समोर. मी बाजूला बसलो. डबा हातात ठेवला त्या दिवसानंतर त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो.

"हिला तोंड नाही. बघ नीट."

"बघितलं, बाबा."

"मलाही असंच ठेवलंस तू. डोळे मिटले की तिचे हात दिसतात, पाय दिसतात, गळ्यातलं दिसतं. तोंड उडालेलं. शेवटचं तोंड तू बघितलंस. तू एकट्याने खाल्लंस ते. आता ओक."

"म्हणजे?"

"सांग मला. कसं होतं तिचं तोंड? सुरुवातीपासून. काही गाळायचं नाही. रडायचं तर नंतर रड."

तो रडलाच. मी थांबलो नाही, पाठीवर हात फिरवला नाही. पाणी ओकणाऱ्या राक्षसाकडे बघत बसलो, त्याची जीभ बाहेर होती. मग तो बोलायला लागला.

"डोळे थोडे उघडे राहिले होते. डावा जास्त."

"डावाच. झोपेतही तिचा उघडा राहायचा. पुढे."

"त्यांनी पावडर लावली होती. फ्युनरल होमवाल्यांनी. आणि लिपस्टिक."

"कुणाला? तुझ्या आईला लिपस्टिक?"

"मी पुसायला लावली, बाबा. सांगितलं, माय मदर नेव्हर... ती नाही लावायची. मग हिरवी साडी हिने नेसवली. बांगड्या चढेनात, हात ताठ झालेले. साबण लावून चढवल्या."

"हात थंड होता?"

तो एकदम म्हणाला, "बाबा, ते तिला फ्रीजमध्ये ठेवतात. एका ड्रॉवरमध्ये. मी बघितलं ते. शनिवार, रविवार, सोमवार ती तिथे राहणार होती. घरात दोन स्वेटर घालून बसणारी आई. मला नाही बघवलं. मला वाटलं, गरम जागी जाऊ दे तिला. बाबा येतील तेव्हा येतील."

हे त्याने मला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. स्लॉट सांगितला होता, लाँग वीकेंड सांगितला होता. इंजिनियर माणूस, कारण द्यायचं तर टाइमटेबल देतो.

म्हणून मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. थंडी तिला वाजत होती की त्याला, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. म्हटलं, "तोंडाचं सांग. कुंकू?"

"मी लावलं."

"तू? का, बायका मेल्या होत्या का सगळ्या?"

"त्या म्हणाल्या, नवऱ्याने लावायचं असतं. तो नसेल तर मुलाने. मला कुठे येतं, बाबा? चिमूट मोठी झाली. हात हलला. नाकावर सांडलं सगळं."

"मग?"

"मग टिश्यू घेतला आणि पुसलं."

"पुसलंस?" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की पांढऱ्या केसांची बाई खुर्चीतून उठली. "अहेव बाईचं कुंकू पुसलंस? नवरा जिवंत असताना?"

"नाकावरचं, बाबा! कपाळावरचं नाही! नाकावरचं फक्त!"

"अरे गाढवा," मी म्हटलं, आणि ती शिवी त्याला एकट्यालाच लागेल अशी दिली. "नाकावर पडलेलं पुसायचं नसतं. आपल्याकडे कुणी सांगितलं नाही तुला? कुंकू नाकावर सांडलं की ती बाई नवऱ्याची लाडकी. लग्नात हिच्या नाकावर सांडलं होतं. माझ्याच हातून. तिची मावशी पुसायला आली तर हिच्या आईने तिचा हात झटकला होता. दिवसभर तशीच बसली होती ती, लाल नाक घेऊन. पोरं चिडवत होती आणि ती नाक वर करून बसली होती. आणि तेवढंच पुसलंस तू. सगळ्या तोंडातलं तेवढंच."

तो हळूच म्हणाला, "सगळं निघालं नाही."

"काय?"

"पावडर होती ना. तिच्यात ते बसलं. टिश्यूने घासलं तर लाल पसरलं, म्हणून सोडून दिलं. शेंड्यावर राहिलं होतं. मला वाईट वाटत होतं, आईला तसं पाठवतोय म्हणून. वेडंवाकडं."

"शेंड्यावर?"

"हो. इथे." त्याने स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

मी समोर बघितलं. दगड सपाटच होता. पण त्याच्यावर नेमकं कुठे लाल ठेवायचं ते आता मला कळत होतं.

व्हॉलंटियर बाईने दोन कागदी कपांतून पाणी आणून दिलं. तो प्यायला. मी हातात धरून बसलो.

आता बर्फ गेलाय. डबा अजून माझ्या खोलीत आहे. तिकीट काढायचं सून दोनदा बोलली, मी तिला थांब म्हटलंय. दर रविवारी त्याला दगडांपुढे नेऊन बसवतो. मागच्या वेळी बटणाबद्दल विचारलं, कुठल्या रंगाचं होतं, कुठल्या बोटाने दाबलंस, दाबायच्या आधी किती वेळ उभा राहिलास. त्याला नको असतं. मला पाहिजे असतं. तो सांगतो. सांगून झाल्यावर त्याचं तोंड मिठासारखं पांढरं पडतं. मला त्याची दया येत नाही, आणि आली तरी मी ती दाखवणार नाही.

परवाच्या रविवारी पार्किंगमध्ये त्याने गाडीचं दार उघडून धरलं आणि बंद करायच्या आधी तसाच उभा राहिला. मला माहीत होतं काय विचारणार ते. तेराव्यापासून त्याच्या घशात अडकलेलं होतं.

"बाबा, ते तुम्ही बोलला होता... अग्नीचं. तुमच्या पुतण्याने द्यायचं वगैरे. ते तसंच आहे का?"

मी सीटवर नीट बसलो. बेल्ट ओढला. तो हूकमध्ये बसेना, तो वाकून बसवायला आला, मी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः बसवला.

म्हटलं, "बघतो."

त्याने दार लावलं. समोरून फिरून त्याच्या बाजूला येईपर्यंत मी काचेतून त्याला बघत होतो. त्याला अर्थ माहीत आहे. मराठी आहे तो. पण गाडी सुरू करून, मागे वळून बघून, रस्त्यावर काढताना तो हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"